सौर पॅनेल घ्यावेत, पण किती किलोवॅटचे?

एका वाचकाचे पत्र:

“आम्ही चौघे स्वतःच्या घरात राहतो. मी आणि पत्नी निवृत्त आहोत, मुलगा व सून नोकरीला जातात. गेल्या बारा महिन्यांच्या बिलांची बेरीज केली, तर आम्हाला वर्षाला ४,२०० युनिट वीज लागते. सौर पॅनेल बसवणाऱ्या एका विक्रेत्याने गच्चीवर ६ किलोवॅटची यंत्रणा बसवण्यास सुचवले आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे बिल शून्यावर येईल, अनुदान वजा जाता घातलेले पैसे चार वर्षांत वसूल होतील आणि अनुदान लवकरच बंद होणार असल्याने याच आठवड्यात सही करायला हवी. पैसे कमी पडले तर कर्जाची सोयही तोच करून देणार आहे. मुलगा म्हणतो की पॅनेल वर्षागणिक स्वस्त होत आहेत, तेव्हा थांबावे. पत्नीला वाटते की वीज गेली तरी घर चालू राहील, एवढ्यासाठी तरी घ्यावे. आम्ही काय करावे?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचा आकडा ४,२०० हा आहे आणि तो आपण स्वतः काढलेला आहे. सौर यंत्रणेचा विचार करणारी बहुतेक कुटुंबे अनुदान किती मिळणार या प्रश्नापासून सुरुवात करतात, मग विक्रेता सुचवील ती क्षमता मान्य करतात आणि आपली वर्षाची गरज किती, हे मात्र शेवटपर्यंत पाहत नाहीत. आपण उलट्या क्रमाने जावे, असे माझे मत आहे. आधी गरज, नंतर जास्तीच्या विजेला मिळणारा दर, त्यानंतर क्षमता आणि सर्वांत शेवटी अनुदान, या क्रमाने हिशेब केला तर विक्रेत्याच्या ‘चार वर्षां’चा उलगडा आपोआप होतो.

एक किलोवॅट क्षमतेच्या पॅनेलमधून वर्षाला किती वीज मिळते, हे ऊन किती मिळते यावर अवलंबून असते. ढगाळ, थंड प्रदेशात हा आकडा ९०० ते १,००० युनिटांच्या आसपास राहतो, तर स्वच्छ उन्हाच्या प्रदेशात १,५०० च्याही पुढे जातो. आपण मधला, १,३०० युनिटांचा आकडा धरू. पॅनेलवर छापलेली क्षमता प्रयोगशाळेतील प्रमाणित परिस्थितीत, म्हणजे चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि सौरघटाचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. गच्चीवर भर उन्हात पॅनेलचे तापमान ६० अंशांपर्यंत सहज पोहोचते आणि प्रत्येक वाढीव अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. म्हणजे ऊन सर्वांत कडक असते, त्याच वेळी दहा टक्क्यांहून अधिक वीज केवळ उष्णतेपायी कमी होते. धूळ, तारांमधील घट आणि इन्व्हर्टरमधील, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रातील, घट ही वेगळीच. १,३०० युनिटांच्या आकड्यात या सर्व घटी धरलेल्या आहेत. विक्रेत्याने दिलेला वार्षिक उत्पादनाचा अंदाज कोणत्या घटी धरून काढला आहे, हे मात्र त्याला अवश्य विचारावे.

या दराने ६ किलोवॅटची यंत्रणा वर्षाला ७,८०० युनिट वीज तयार करील. आपली गरज ४,२०० युनिटांची आहे. उरलेल्या ३,६०० युनिटांचे काय होणार आणि त्यांना कोणता दर मिळणार, या एका प्रश्नावर आपला संपूर्ण व्यवहार तोललेला आहे.

पैशांतील दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून मी हिशेब युनिटांतच मांडतो. आपणही घरी तसाच मांडून पाहावा. दरपत्रकातील रकमेतून अनुदान वजा करावे आणि जी रक्कम उरेल तिला आपल्या एका युनिटाच्या दराने भागावे. यंत्रणेची किंमत किती युनिट विजेइतकी आहे, हे त्यावरून कळते. विक्रेत्याचा ‘चार वर्षां’चा दावा उलटा सोडवला, तर ६ किलोवॅटच्या यंत्रणेची किंमत ३१,२०० युनिटांइतकी येते, कारण ७,८०० युनिटांची चार वर्षे म्हणजे तेवढीच बेरीज. याचा अर्थ, तयार होणारे प्रत्येक युनिट आपण वीज विकत घेताना मोजतो त्याच पूर्ण दराने वाचेल, असे त्याने गृहीत धरले आहे. हे गृहीतक जिथे चुकते, तिथे सगळे गणित कोसळते.

घरातून बाहेर जाणाऱ्या विजेचा हिशेब ठेवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. नेट मीटरिंगमध्ये आपण वीज कंपनीच्या वाहिनीत सोडलेली युनिटे वाहिनीतून घेतलेल्या युनिटांतून वजा होतात, म्हणजे दुपारी दिलेले एक युनिट रात्री घेतलेल्या एका युनिटाची पूर्ण भरपाई करते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९८३ मध्येच असा कायदा केला होता आणि जगभरातील घरगुती सौर विजेच्या प्रसाराला या पद्धतीचा मोठा हातभार लागला. परंतु त्यातही वर्षअखेरीस किंवा महिनाअखेरीस शिल्लक राहिलेली युनिटे पूर्ण दराने विकत घेतली जातात असे नाही. त्यांना बहुधा बराच कमी दर मिळतो, काही ठिकाणी काहीच मिळत नाही. नेट बिलिंगमध्ये तर युनिटाला युनिट अशी वजावटच नसते. बाहेर गेलेल्या प्रत्येक युनिटाला वेगळा, कमी दर लागतो आणि आत आलेल्या प्रत्येक युनिटाचे पूर्ण पैसे मोजावे लागतात.

शिल्लक युनिटांना पूर्ण दराचा चौथा हिस्सा मिळतो, असे उदाहरणापुरते धरू. नेट मीटरिंग असेल, हिशेब वर्षाचा असेल आणि यंत्रणा ६ किलोवॅटची असेल, तर ४,२०० युनिटे पूर्ण मोलाची आणि ३,६०० युनिटे चौथाई मोलाची, म्हणजे ९०० युनिटांइतकी ठरतात. वर्षाचा लाभ ५,१०० युनिटांचा झाला आणि परतफेडीला सहा वर्षांहून थोडा अधिक काळ लागला. नेट बिलिंग असेल, तर वीज तयार होत असतानाच घरात वापरलेली युनिटेच पूर्ण मोलाची ठरतील. आपण दोघे दिवसा घरी असता, म्हणून हा वापर १,८०० युनिटांचा धरू. उरलेली ६,००० युनिटे चौथाई दराने १,५०० युनिटांइतकी होतात, म्हणजे एकूण लाभ ३,३०० युनिटांचा आणि परतफेड साडेनऊ वर्षांची. विक्रेता खोटे बोलला, असे मी म्हणत नाही. त्याने सर्वांत सोयीचा दर सर्व युनिटांना लावला, एवढेच.

आता तीच मांडणी ३ किलोवॅटसाठी करू. सांगाडा, मजुरी, तारा, परवानगी आणि मीटर यांचा बराच खर्च क्षमतेच्या प्रमाणात घटत नसल्याने निम्म्या यंत्रणेची किंमत निम्म्याहून थोडी जास्तच पडते. ती १७,००० युनिटांइतकी धरली, तर ३,९०० युनिटांचे वार्षिक उत्पादन नेट मीटरिंगमध्ये संपूर्ण उपयोगी पडते आणि पैसे सुमारे चार वर्षे चार महिन्यांत वसूल होतात. नेट बिलिंगमध्ये घरात थेट वापरलेली १,५०० युनिटे आणि बाहेर गेलेल्या २,४०० युनिटांचे ६०० युनिटांइतके मोल मिळून २,१०० युनिटांचा लाभ होतो आणि परतफेडीला आठ वर्षे लागतात.

या दोन मांडण्यांमधील फरक पाहावा. पुढचे ३ किलोवॅट घेण्यासाठी आपण १४,२०० युनिटांइतके जास्तीचे पैसे घालणार आणि त्यातून वर्षाला मिळणार केवळ १,२०० युनिटांचा जादा लाभ. दोन्ही पद्धतींत हा आकडा सारखाच येतो, कारण जास्तीची वीज जवळजवळ सगळी बाहेरच जाते. म्हणजे पहिले ३ किलोवॅट साडेचार ते आठ वर्षांत स्वतःचे पैसे फेडतात आणि दुसऱ्या ३ किलोवॅटना त्यासाठी जवळपास बारा वर्षे लागतात. सरासरी काढली की ही गोष्ट झाकली जाते, म्हणून दरपत्रक मागताना ३, ४ आणि ६ किलोवॅटचे वेगवेगळे आकडे मागावेत आणि प्रत्येक वाढीव किलोवॅट स्वतःचे पैसे किती वर्षांत फेडतो, हे स्वतंत्रपणे तपासावे. वापर वाढेल तसा युनिटाचा दर चढत जाणारी टप्प्यांची पद्धत आपल्या बिलात असेल, तर हा फरक आणखी ठळक होईल, कारण सौर विजेची पहिली युनिटे सर्वांत महाग टप्प्यातील वीज वाचवतात आणि शेवटची युनिटे सर्वांत स्वस्त टप्प्यातील.

आपल्यासाठी ३ किलोवॅट, फार तर ४, ही क्षमता मला योग्य वाटते. चौथ्या किलोवॅटचा विचार येत्या एक-दोन वर्षांत वापर निश्चितपणे वाढणार असेल तरच करावा. विजेवर चालणारी मोटार १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट घेते. वर्षाला १०,००० किलोमीटर धावणारी गाडी म्हणजे १,५०० युनिटे झाली, आणि तेवढ्यासाठी एक किलोवॅटहून थोडी जास्त क्षमता लागते. गाडी घेण्याचा नुसता विचार असेल, तर गच्चीवर जागा मोकळी ठेवावी आणि पुढे पॅनेल वाढवता येतील असा इन्व्हर्टर मिळतो का, ते पाहावे. मंजूर वीजभाराची मर्यादा वाढीच्या आड येते का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

‘बिल शून्य’ या शब्दांवरही फार विसंबू नये. बिलात वापरलेल्या विजेचा आकार असतो, तसा जोडणीपोटीचा स्थिर आकारही असतो आणि पॅनेल कितीही बसवले तरी तो बहुतेक ठिकाणी भरावाच लागतो. सौर ग्राहकांची संख्या वाढली की वीज कंपन्या हा स्थिर भाग वाढवण्याची मागणी नियामकांकडे करतात, असा अनेक देशांतील अनुभव आहे. त्यांची बाजू अगदीच निराधार नाही, कारण वाहिन्यांचा खर्च वीज विकत न घेणाऱ्या घरासाठीही करावाच लागतो. आपला हिशेब करताना स्थिर आकार बचतीत धरू नये.

आता अनुदानाविषयी. सरकारे घरगुती सौर विजेला जे साहाय्य देतात त्याचे प्रकार अनेक असले, तरी ग्राहकाच्या दृष्टीने पैसे कोणाच्या हातात पडतात आणि केव्हा पडतात, हे दोनच प्रश्न महत्त्वाचे ठरतात. भारतात २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे एकरकमी अनुदान ठरवले गेले आणि त्याची कमाल मर्यादा ७८,००० रुपयांवर थांबवली गेली. म्हणजे ६ किलोवॅट घेणाऱ्या घराला ३ किलोवॅट घेणाऱ्या घराइतकेच अनुदान मिळते. अनुदान ज्या क्षमतेवर थांबते ती क्षमता सहसा सामान्य घराच्या गरजेच्या जवळपासची असते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिवाय हे पैसे यंत्रणा बसून, तपासणी होऊन मग ग्राहकाच्या खात्यात येतात. तोवर पूर्ण रक्कम ग्राहकालाच उभी करावी लागते.

ऑस्ट्रेलियात २०११ पासून वेगळी रीत आहे. यंत्रणा पुढे जेवढी वीज निर्माण करील तिच्या अंदाजावर प्रमाणपत्रे मिळतात, ग्राहक ती बहुधा विक्रेत्याच्या नावे करतो आणि विक्रेता त्यांच्या मोबदल्यात सुरुवातीलाच किंमत कमी करतो. ही प्रमाणपत्रे २०३० पर्यंतच्या वर्षांसाठी दिली जात असल्याने त्यांची संख्या दरवर्षी थोडी थोडी घटत जाते. अमेरिकेत साहाय्य आयकरातून मिळत असे. २०२२ च्या कायद्याने खर्चाच्या ३० टक्के करसवलत २०३२ पर्यंत देऊ केली होती, पण जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या नव्या कायद्याने घरगुती यंत्रणांसाठी ती त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरनंतर बंद केली. या सवलतीत एक खोच होती: ती देय करातूनच वजा होत असे, त्यामुळे ज्याला फारसा करच भरावा लागत नाही, अशा निवृत्त माणसाला ३० टक्क्यांचा पूर्ण लाभ मिळण्याची खात्री नव्हती. तरीही विक्रीच्या कागदांवर मात्र ती सर्वांना मिळणार असल्यासारखी वजा करून दाखवली जाई. आपल्याकडचे साहाय्य करसवलतीच्या रूपात असेल, तर आपण निवृत्त असल्याने ही बाब आपल्याला थेट लागू पडते. जर्मनीने १ जानेवारी २०२३ पासून घरगुती पॅनेलवरील मूल्यवर्धित कर शून्यावर आणला. अशी सवलत खरेदीच्या क्षणीच मिळते, अर्ज करावा लागत नाही आणि वाट पाहावी लागत नाही. ग्राहकाच्या डोक्याला सर्वांत कमी ताप देणारा प्रकार हाच.

आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटाला ठरावीक वर्षांसाठी हमीचा दर देण्याचा. जर्मनीच्या २००० सालच्या कायद्याने सौर विजेला युनिटमागे ९९ फेनिग, म्हणजे आजच्या हिशेबाने युरोचे सुमारे ५१ सेंट, एवढा दर वीस वर्षांसाठी बांधून दिला. घरगुती ग्राहक विजेसाठी मोजत असलेल्या दराच्या तो कितीतरी पट होता. जर्मनीने जुन्या यंत्रणांना दिलेला शब्द पाळला, मात्र नव्या येणाऱ्यांचा दर सतत खाली आणला. फेब्रुवारी २०२५ पासून तर बाजारात विजेचा भाव शून्याखाली जातो, म्हणजे वीज विकणाऱ्यालाच उलट पैसे मोजावे लागतात, त्या वेळेसाठी नव्या यंत्रणांना मोबदलाच मिळत नाही. ब्रिटनने २०१० मध्ये सुरू केलेली अशीच योजना ३१ मार्च २०१९ नंतर नव्या ग्राहकांना बंद केली आणि २०२० पासून फक्त बाहेर दिलेल्या युनिटांसाठी पुरवठादारांनी ठरवलेला दर मिळू लागला. स्पेनमध्ये आर्थिक संकटाच्या काळात आधी बसलेल्या प्रकल्पांच्या मोबदल्यालाही कात्री लागली आणि ती भांडणे आंतरराष्ट्रीय लवादांपर्यंत गेली. कॅलिफोर्नियाने १४ एप्रिल २०२३ नंतर अर्ज करणाऱ्या घरांना नेट मीटरिंगऐवजी नेट बिलिंग लावले आणि बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला सरासरी तीन चतुर्थांशांनी घटला. आधीच्या ग्राहकांना मात्र ठरल्या मुदतीपर्यंत जुना नियम राहिला.

ही उदाहरणे थोडी विस्ताराने दिली, कारण आपल्या निर्णयाशी त्यांचा सरळ संबंध आहे. एकरकमी अनुदान हातात आले की ते कोणी परत मागत नाही. बाहेर जाणाऱ्या युनिटाचा दर मात्र पंचवीस वर्षे टिकणाऱ्या यंत्रणेच्या आयुष्यात अनेकदा बदलू शकतो आणि आजवरच्या बदलांची दिशा बहुतेक ठिकाणी खालचीच राहिली आहे. घरात वापरलेल्या युनिटाचे मोल तेवढे या दरावर अवलंबून नसते. म्हणून आजचा निर्यात दर आपल्या करारात किती वर्षांसाठी लिहून मिळतो, हे वीज कंपनीकडून लेखी घ्यावे. तसा करार मिळत नसेल, तर तो दर आणखी निम्म्यावर आला असे धरून परतफेड पुन्हा काढावी. त्या काटेकोर आकड्यातही जी क्षमता परवडते, ती घ्यावी.

याच आठवड्यात सही करण्याच्या आग्रहाबद्दल मी स्पष्टच लिहितो. सवलती खरोखर बंद होतात, हे वर आलेच आहे. पण त्या कोणत्या तारखेला बंद होतात हे सरकारी आदेशात लिहिलेले असते आणि तो आदेश आपल्याला वाचता येतो. विक्रेत्याकडून त्या आदेशाची प्रत मागावी. मुदत खरी असेल, तर ती अर्जाच्या तारखेला लागू आहे की यंत्रणा सुरू होण्याच्या तारखेला, हे पाहावे, कारण दुसऱ्या प्रकारात आज सही करूनही काम वेळेत पूर्ण झाले नाही तर अनुदान हुकेल. प्रत मिळाली नाही, तर ती मुदत विक्रेत्याच्या महिनाअखेरीच्या उद्दिष्टाची असण्याची शक्यता अधिक. अनुदानाचा काही भाग वाढीव किमतीच्या रूपाने विक्रेत्याकडेच राहतो, हेही घडते. त्याला उपाय एकच, तो म्हणजे तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून अनुदान न धरता मूळ किंमत मागवून तिची तुलना करणे.

मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. २०१० च्या दशकात पॅनेलच्या किमती नव्वद टक्क्यांच्या आसपास घसरल्या, ही वस्तुस्थिती आहे. मात्र त्या घसरणीमुळेच आता घरगुती यंत्रणेच्या एकूण खर्चात पॅनेलचा वाटा लहान झाला आहे आणि सांगाडा, मजुरी, इन्व्हर्टर, परवानग्या व विक्रीचा खर्च यांचा वाटा मोठा. पॅनेल आणखी स्वस्त झाले, तरी एकूण रक्कम त्या प्रमाणात उतरणार नाही. वरच्या उदाहरणात एक वर्ष थांबल्यास नेट मीटरिंगमध्ये ३,९०० युनिटांचा लाभ हुकतो, म्हणजे यंत्रणेच्या किमतीच्या सुमारे २३ टक्के. यंत्रणा उशिरा बसली तर ती उशिरापर्यंत चालेल हे खरे, पण पंचवीस वर्षांनंतरच्या वर्षाचे मोल आजच्या वर्षाइतके नसते. एका वर्षात किंमत एवढी उतरेल असे मला वाटत नाही. नेट बिलिंग असेल, तर हुकणारा लाभ १२ टक्के आहे आणि तिथे थांबण्याने होणारे नुकसान कमी आहे. त्या परिस्थितीत घाई न करता आधी घरातील जुना फ्रिज, पंखे आणि पाणी तापवण्याचे साधन यांकडे पाहावे. वापरच कमी झाला तर लागणारी क्षमताही कमी होते.

कर्जाचा निर्णय क्षमतेच्या निर्णयाहून वेगळा ठेवावा. ६ किलोवॅटची यंत्रणा पूर्णपणे कर्जाने घेतली आणि व्याज वर्षाला १० टक्के धरले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच ३,१०० युनिटांहून अधिक होते. नेट बिलिंगमध्ये लाभ ३,३०० युनिटांचा आहे. मुद्दल फिटण्यासाठी मग उरले काय? ३ किलोवॅटसाठी नेट मीटरिंगमध्ये व्याज १,७०० आणि लाभ ३,९०० युनिटांचा राहतो, म्हणजे ते कर्ज स्वतःच्या बळावर फिटू शकते. विक्रेत्याने मिळवून दिलेल्या कर्जात व्याजदर मुद्दाम कमी दाखवून त्याची भरपाई यंत्रणेच्या किमतीत मिसळण्याची प्रथा काही देशांत बोकाळली होती. अमेरिकेतील ग्राहक वित्त संरक्षण विभागाने ऑगस्ट २०२४ च्या आपल्या अहवालात नेमक्या याच छुप्या शुल्कावर बोट ठेवले होते. रोख दिल्यास किंमत किती आणि कर्जाने घेतल्यास किती, हे दोन आकडे एकाच कागदावर लिहून घ्यावेत. त्यांत तफावत निघाली तर आपल्या बँकेकडे जावे. मुदत ठेव मोडून पैसे घालणार असाल, तर तिच्यावरील बुडणारे व्याजही खर्चात धरावे. निवृत्तीनंतर हाताशी असायला हवी ती रक्कम मात्र गच्चीवर अडकवू नये.

पत्नीचा समज दूर करणे आवश्यक आहे, कारण पुढे निराशा होते ती इथेच. वाहिनीला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीज जाताक्षणी स्वतःहून बंद पडतो, मग बाहेर कितीही ऊन असो. तो तसा बंद पडणे सक्तीचेच आहे; नाही तर घरातून बाहेर जाणारी वीज दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगाराच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावरही घर चालवायचे असेल, तर बॅटरी आणि तिच्यासह स्वतंत्रपणे चालू शकणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. लिथियम बॅटरीला साधारण दहा वर्षांची हमी मिळते आणि साठवून परत काढताना सुमारे दहा टक्के वीज खर्च होते. आपल्या भागात नेट मीटरिंग असेल, तर पैशांच्या दृष्टीने बॅटरीचे समर्थन करणे कठीण आहे, कारण वाहिनीच आपली फुकटची बॅटरी बनलेली असते. नेट बिलिंगमध्ये चौथाई दराने जाणारी वीज रात्रीसाठी राखता येते, म्हणून तिथे बॅटरीचा हिशेब मांडून पाहण्यात अर्थ आहे. वीज वारंवार आणि तासन्‌तास जात असेल, किंवा घरात कोणाचे औषधोपचाराचे यंत्र विजेवर चालत असेल, तर मात्र सोयीची किंमत म्हणून ती आनंदाने मोजावी, फक्त परतफेडीच्या आकड्यात ती लपवू नये.

देखभालीचा खर्च थोडा असतो, पण शून्य नसतो. पॅनेल वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास क्षमता गमावतात, म्हणजे पंचविसाव्या वर्षीही बहुतांश उत्पादन शिल्लक असते. इन्व्हर्टर मात्र दहा ते पंधरा वर्षांत बदलावा लागतो आणि तो खर्च दरपत्रकात क्वचितच दिसतो. धूळ धुण्यासाठी गच्चीवर पाण्याची सोय असावी. जवळच्या टाकीची किंवा झाडाची सावली दिवसातून दोन तास जरी पडत असली, तरी एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी सावलीतले पॅनेल इतरांचेही उत्पादन खाली ओढते. अशा जागी पॅनेलची मांडणी बदलावी, किंवा प्रत्येक पॅनेलसाठी वेगळा लहान इन्व्हर्टर घ्यावा. गच्ची गळत असेल किंवा पाच-सात वर्षांत तिचे काम काढायचे असेल, तर ते आधी उरकावे, कारण बसवलेली यंत्रणा उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्च परतफेडीतले एखादे वर्ष सहज खाऊन टाकतो.

करार करताना वार्षिक उत्पादनाचा अंदाज तोंडी न घेता त्यात लिहून घ्यावा आणि उत्पादन त्याहून ठळकपणे कमी निघाले तर विक्रेता काय करणार, तेही लिहून घ्यावे. पॅनेल बनवणाऱ्याची हमी पंचवीस वर्षांची असते, पण बसवणाऱ्याच्या कामाची हमी वेगळी आणि बरीच कमी असते. गळती, सैल झालेला सांगाडा किंवा सदोष अर्थिंग यांची जबाबदारी दुसऱ्या हमीत येते. सांगाडा आपल्याकडच्या वाऱ्याच्या वेगाला टिकेल याची अभियंत्याची नोंद मागावी. रक्कम टप्प्यांनी द्यावी: सही करताना थोडी, साहित्य गच्चीवर आल्यावर मोठा भाग, आणि किमान दहावा हिस्सा नवा मीटर बसून त्यावर बाहेर गेलेली युनिटे दाखवणारे पहिले बिल हातात येईपर्यंत आपल्याकडेच ठेवावा. पॅनेल लागले पण मीटर बदलला नाही, अशा अवस्थेत यंत्रणा महिनोन्‌महिने पडून राहते, कारण पैसे पूर्ण मिळाल्यावर वीज कंपनीकडे खेटे घालण्याची निकड विक्रेत्याला उरत नाही.